परदेशात राहताना भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स चालू कसं ठेवायचं? (माहिती आणि अनुभव)

कृष्णाकाठ

२००४ ते २००७ च्या सुमारास कॉलेजात असताना लायसन्स काढलेल्या आणि आता परदेशात राहणाऱ्या सगळ्यांनी आधी एक काम करा. कार्ड बाहेर काढा आणि त्यावरची वैधतेची तारीख वाचा.

त्या काळी खासगी वाहनाचं लायसन्स २० वर्षांसाठी किंवा वयाची ५० वर्षं पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर मिळायचं. म्हणजे विशीत काढलेल्या लायसन्सांची २० वर्षं आता भरतायत, काहींची भरून गेलीत. नेमकी हीच पिढी नोकरीसाठी बाहेर पडली. तिकडचं लायसन्स हातात आलं की भारतातलं कार्ड पासपोर्टच्या फाइलमध्ये जातं आणि गावी आल्यावर भाड्याची किंवा बाबांची गाडी चालवायची वेळ येईपर्यंत त्याची आठवण होत नाही.

१ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातली बरीच कलमं बदलली. आपल्याला लागणारं थोडक्यात असं:

लायसन्स काढताना किंवा रिन्यू करताना वय ३० च्या आत असेल तर ते चाळिशीपर्यंत चालतं. ३० ते ५० मध्ये असाल तर १० वर्षं. ५० ते ५५ मध्ये असाल तर साठीपर्यंत, आणि ५५ नंतर दर खेपेला ५ वर्षं.

रिन्यूअलचा अर्ज मुदत संपायच्या आधी १ वर्षापासून ते संपल्यानंतर १ वर्षापर्यंत करता येतो. त्यापुढे गेलात तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. पूर्वी ही सवलत ५ वर्षांची होती. परदेशातले बरेच जण अजूनही त्या जुन्या ५ वर्षांच्या भरवशावर आहेत, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आणखी एक. मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन्स चालायचं, ती तरतूदही २०१९ मध्ये गेली. संपल्यानंतर वर्षभरात चाचणी न देता रिन्यू करता येतं याचा अर्थ त्या वर्षभरात गाडी चालवता येते असा नाही. नवीन मुदत रिन्यू केलेल्या तारखेपासून धरतात, मधला काळ तुम्ही बिनलायसन्सचे असता.

आपापल्या देशातले आणि आरटीओतले अनुभव लिहा.

रानफूल

फार गरजेचा धागा. माझं कार्ड आत्ताच पाहिलं, पुढच्या वर्षी संपतंय. मी कॅनडात मिसिसॉगाला असते. इथे बसून ऑनलाइन होईल का? बहीण म्हणते सगळं आधारवर होतं, आरटीओत जावंच लागत नाही.

कृष्णाकाठ

बहीण म्हणते ते बरंचसं खरं आहे. २०२१ च्या मार्चमध्ये केंद्राने आधारच्या पडताळणीवर घरबसल्या मिळणाऱ्या १८ सेवा जाहीर केल्या, त्यात चाचणी न लागणारं रिन्यूअल, डुप्लिकेट लायसन्स, पत्ता बदलणं आणि परदेशात गाडी चालवायचा आंतरराष्ट्रीय परवाना हे सगळं आहे. सारथी या लायसन्सच्या कामांच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज होतो.

तुझं वय किती, यावर मात्र पुढचं ठरतं. चाळिशीच्या आत असशील तर तब्येतीबद्दलचं स्वतःचं घोषणापत्र पुरतं, ते म्हणजे नमुना १. चाळीस पूर्ण झाली असतील तर नमुना १-अ लागतो, म्हणजे डॉक्टरचं प्रमाणपत्र. ते नोंदणीकृत डॉक्टरने तपासून द्यायचं असतं आणि तपासायला माणूस समोर लागतो. परदेशातून करणाऱ्यांचं काम अडतं ते इथेच.

रानफूल

३९ आत्ताच पूर्ण झाली!

कृष्णाकाठ

मग थांबू नकोस. मुदत संपायला वर्षापेक्षा कमी उरलं असेल तर अर्ज आजही चालेल. चाळीस पूर्ण व्हायच्या आत केलास तर डॉक्टरची पायरी लागणार नाही आणि १० वर्षं मिळतील. १८-१९ व्या वर्षी लायसन्स काढलेल्या सगळ्यांना ही संधी आहे.

मुळशीकर

ओटीपीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं. आधारचा ओटीपी आधारला जोडलेल्या भारतीय मोबाइलवरच येतो. परदेशी नंबरवर एसएमएस येत नाही. अनेकांनी भारत सोडताना जुना नंबर बंद केलेला असतो, किंवा रिचार्ज न केल्याने तो कंपनीने काढून घेऊन दुसऱ्या कोणाला दिलेला असतो. मग आधार आहे, लायसन्स आहे, सारथीवर नोंद आहे, पण सहा आकड्यांपुढे काम सरकत नाही, अशी गत होते.

माझा आग्रह असा, की आई-बाबांपैकी कोणाचा तरी नंबर आधारला जोडण्यापेक्षा स्वतःचा एक भारतीय नंबर रोमिंगसह जिवंत ठेवा. बँक, आयकर, भविष्यनिर्वाह निधी, सगळ्याला तो लागतो. आधारचा मोबाइल बदलायला अनेकदा केंद्रावर जावं लागतं, ते परदेशातून होत नाही. म्हणून सुट्टीत आलात की पहिल्या दोन-तीन दिवसांत तेवढं उरकून घ्या, बाकीची कामं मागाहून.

आधारच नसेल तर भारतीय पासपोर्टवाल्यांना १८२ दिवस राहण्याची अट २०१९ मध्ये काढलेली आहे, आल्या आल्या अर्ज करता येतो.

शांतादुर्गा

माझो प्रश्न थोडा वेगळा. मी म्हापशाची. माझा मावसभाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला गेला. आमच्या गोव्यातले कितीतरी जण असे गेलेले आहेत. त्याच्याकडे आता ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं) आहे, आणि लायसन्स जीए-०३ चं, म्हणजे म्हापशाचं, जुनं. भारतीय नागरिकत्व गेलं म्हणजे लायसन्सही गेलं का?

मुळशीकर

नाही. मोटार वाहन कायद्यात लायसन्ससाठी नागरिकत्वाची अट नाही. कार्डावरची मुदत आहे तोवर लायसन्स चालतं. अडतं ते रिन्यू करताना, ओळखीच्या आणि पत्त्याच्या कागदांवर. ओसीआयवाल्यांना आधार काढायला वर्षभरात १८२ दिवस भारतात राहिल्याची अट आहे, ती पासपोर्टवाल्यांसारखी सुटलेली नाही. त्यामुळे घरबसल्याच्या आधारवाल्या मार्गाऐवजी कागद घेऊन स्वतः आरटीओत जायचं धरून चाला. जाण्याआधी तिथल्या अधिकाऱ्याला कोणते कागद चालतील ते विचारून घ्यायला सांगा.

दर्यासारंग

मी जहाजावर असतो, घर दापोलीला. आमच्या धंद्यात सहा-सहा महिने पाणी, मुदत कधी संपली ते कळत नाही. वर्षभर आधी अर्ज करता येतो ही गोष्ट आमच्यासाठी सोन्यासारखी आहे. माझ्याबरोबरच्या एका थर्ड इंजिनिअरचं लायसन्स तो जहाजावर असताना संपलं, उतरल्यावर लगेच पुढचं कॉन्ट्रॅक्ट आलं, आणि ते वर्ष तसंच गेलं. मग त्याला शिकाऊपासून सुरुवात करायला लावली. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर ३० दिवस गेल्याशिवाय पक्क्याची चाचणी देता येत नाही. सुट्टी एवढी लांब नसेल तर एका फेरीत काम होतच नाही. शिकाऊची मुदत ६ महिने, तेवढ्यात परत आला नाही तर तेही वाया.

तेव्हा मंडळी, वर्ष संपू देऊ नका. एवढंच.

वाटसरू

एक शंका. एवढा खटाटोप करायचा कशाला? माझ्याकडे यूकेचं लायसन्स आहे. तिथून १९४९ च्या करारातला आंतरराष्ट्रीय परवाना काढतो, भारतात येतो, गाडी चालवतो. भारतातलं लायसन्स संपलं तर संपलं.

कृष्णाकाठ

पाहुण्यासारखं थोड्या दिवसांसाठी येणाऱ्याला हा मार्ग आहेच. भारत १९४९ च्या जिनिव्हा करारात आहे, त्यामुळे तो परवाना आणि सोबत मूळ यूके लायसन्स, दोन्ही जवळ असतील तर चालतं. परवाना एकटा काही कामाचा नाही.

तरी भारतातलं सोडू नका असं मी का म्हणतो ते सांगतो. परतण्याची वेळ सांगून येत नाही. आई-वडिलांचं आजारपण, नोकरी जाणं, मुलांच्या शिक्षणासाठी परत येणं, यातलं काहीही झालं की तुम्ही पाहुणे राहत नाही, आणि मग रोज हॉस्पिटलला गाडी नेताना परदेशी लायसन्स पुरत नाही. ऐन त्या धावपळीत शिकाऊ लायसन्सची संगणक परीक्षा आणि ट्रॅकवरची चाचणी कोण देणार? आज थोडक्यात होणारं काम त्या दिवसांत फार महागात पडतं.

तळेगाव_ढमढेरे

कायद्याच्या बाजूने थोडं. मी विम्याच्या दाव्यांचं काम बरीच वर्षं करतो, त्यामुळे हे वारंवार पाहतो.

मुलगा सुट्टीवर येतो, गाडी वडिलांच्या नावावर, मुलाचं लायसन्स संपलेलं. कलम १८१ खाली चालवणाऱ्याला ५,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण कलम १८० वाचायला लोक विसरतात. वैध लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू देणाऱ्या मालकावरही तितकीच कारवाई होते. म्हणजे वडिलांवर.

दंड हा किरकोळ भाग. अपघात झाला आणि समोरच्याला गंभीर इजा झाली तर काय होतं पाहा. स्वरण सिंग प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनी कधी जबाबदार आणि कधी नाही याची चौकट घालून दिली. त्यातून बऱ्याच खटल्यांत असा आदेश होतो, की कंपनीने जखमीला भरपाई द्यावी आणि मग ती गाडीच्या मालकाकडून वसूल करावी. जखमीला पैसे मिळतात, ते योग्यच आहे. पण वसुलीची नोटीस जाते निवृत्त वडिलांच्या पत्त्यावर. तोवर मुलगा परत गेलेला असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर कंपनी सरळ नाकारते.

ही भीती घालण्यासाठी लिहीत नाही. आई-बाप मुलाला कधी 'तुझं लायसन्स दाखव' म्हणत नाहीत. किल्ली हातात देतात. म्हणून तारीख बघायची जबाबदारी मुलांची आहे.

केतकीबन

तळेगाव_ढमढेरे, ही माहिती नव्हती. आजच घरच्या ग्रुपवर टाकते.

हापूस

दुबईतलं लिहितो. इथे रेसिडन्स व्हिसा लागला की भारतीय लायसन्सवर किंवा आंतरराष्ट्रीय परवान्यावर गाडी चालवता येत नाही, इथलंच काढावं लागतं. आणि भारतीय लायसन्स थेट बदलून मिळत नाही. पण चालू मुदतीतलं आणि जुनं लायसन्स असेल तर ते पैशात मोजता येईल इतकं उपयोगी पडतं. अननुभवी माणसाला २० तास शिकवणी सक्तीची, २ ते ५ वर्षं जुनं लायसन्स असेल तर १५ तास, आणि ५ वर्षांपेक्षा जुनं असेल तर १० तास. शिवाय हल्ली एक 'गोल्डन चान्स' असतो. शिकवणी न घेता एकदा थेट रस्त्यावरची परीक्षा देऊन पाहायची. पास झालात तर सुटलात.

गावाहून नव्याने इकडे येणाऱ्या मुलांना माझं सांगणं, विमानात बसण्याआधी लायसन्सची मुदत बघा. इकडे आल्यावर ती बघून काही उपयोग नाही.

अपर्णा_निशिकासाई

जपानचंही साधारण तसंच. भारत जिनिव्हा करारात असल्याने सुरुवातीला भारताचा आंतरराष्ट्रीय परवाना इथे चालतो. नंतर भारतीय लायसन्स जपानीत बदलून घ्यायचं. त्यात एक अट अशी, की लायसन्स मिळाल्यानंतर तुम्ही निदान ३ महिने भारतात राहिलेला असायला हवात, आणि ते पासपोर्टच्या शिक्क्यांवरून तपासतात. ऑफर लेटर आल्यावर घाईघाईत लायसन्स काढून विमानात बसणाऱ्यांची इथे अडचण होते. ऑक्टोबर २०२५ पासून लेखी परीक्षाही कडक झाली आहे, आता ५० प्रश्न असतात. पूर्वी १० असायचे.

इसारकाठ

म्युनिकहून. जर्मनीत राहायला आल्यापासून ६ महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. पुढे लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, मात्र ड्रायव्हिंग स्कूलचे सक्तीचे तास माफ असतात. इथल्या दरांत ही माफी खूप मोठी आहे, आणि त्यासाठी भारतीय लायसन्स मुदतीत असावं लागतं.

माझा प्रश्न: जर्मन लायसन्स देताना इथलं कार्यालय भारतीय कार्ड काढून घेतं. मग भारतात आल्यावर काय दाखवायचं? ओळखीतले काही जण हरवल्याची तक्रार देऊन डुप्लिकेट काढतात.

तळेगाव_ढमढेरे

तसं मुळीच करू नका. कार्ड हरवलं नाही हे माहीत असताना हरवल्याचं लिहून देणं म्हणजे खोटं निवेदन, आणि त्यावर तुमची सही असते.

गरजही नाही. कार्ड गेलं म्हणून सारथीवरची नोंद जात नाही. २०१८ पासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं लायसन्स वाहतूक पोलिसांनी मूळ कागदासारखंच धरायचं असतं. भारत सोडण्याआधी डिजिलॉकरमध्ये लायसन्स आणून ठेवा. याचाही ओटीपी भारतीय नंबरवर येतो, मुळशीकरांचा मुद्दा परत तोच.

जुनीपानं

आमचं लायसन्स पुस्तिकेचं आहे, हाताने लिहिलेलं, वर शिक्का. यजमान १९९० च्या दशकात अमेरिकेत गेले तेव्हापासून ते तसंच आहे. सारथीवर नंबर टाकला तर काहीच दिसत नाही.

मुळशीकर

काकू, ते संगणकावर चढवलेलंच नसणार. पुस्तिकेच्या काळातल्या नोंदी ऑनलाइन आणायचं काम मध्यंतरी चालू होतं. तुमची राहून गेली असेल तर ज्या आरटीओने लायसन्स दिलं तिथेच मूळ पुस्तिका घेऊन जावं लागेल. तिथल्या रजिस्टरमध्ये नोंद सापडली की पुढचं बोलता येतं. पुस्तिकेचा अक्षर न् अक्षर वाचता येईल असा फोटो काढून ठेवा आणि मूळ प्रत कोणा एजंटाच्या हाती देऊ नका. मुदत संपून वर्षापेक्षा जास्त झालं असेल तर चाचणी टळणार नाही.

रानफूल

एजंटचा विषय निघालाच आहे तर विचारते. माझ्या नणंदेला एकाने सांगितलं, 'तुम्ही यायची गरज नाही, मेडिकल पण मी आणतो, फक्त ओटीपी सांगा.' ती ४३ वर्षांची आहे, सिडनीला असते.

तळेगाव_ढमढेरे

त्यांना नाही म्हणायला सांगा. न तपासता दिलेलं प्रमाणपत्र खोटं असतं, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, की त्या तारखेला तुम्ही देशात होता का. पासपोर्टचे शिक्के उत्तर देतात. आणि आधारचा ओटीपी अनोळखी माणसाला सांगणं हा तर वेगळाच धोका आहे.

सिडनीतही त्यांना तिथलं लायसन्स लागेलच. न्यू साउथ वेल्समध्ये तात्पुरत्या व्हिसावाल्यांनाही जुलै २०२३ पासून ६ महिन्यांत ते काढावं लागतं. त्यामुळे भारतातल्याची घाई भारतात येईपर्यंत नाही. मुदतीच्या अलीकडच्या-पलीकडच्या मिळून २ वर्षांत एक फेरी बसवायची आणि त्या फेरीत डॉक्टरकडे स्वतः जायचं.

केतकीबन

आंतरराष्ट्रीय परवाना परदेशात असताना संपला तर? माझा मुलगा शिकायला गेलाय, त्याचा संपत आलाय.

कृष्णाकाठ

तो परवाना १ वर्षाचाच असतो, आणि मूळ लायसन्सच्या मुदतीपलीकडे जात नाही. जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेनुसार भारतीय नागरिकांना तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत नवीन परवान्यासाठी अर्ज करता येतो, तो इथल्या आरटीओकडे येतो. त्याच अधिसूचनेने भारतातून परवाना काढताना व्हिसा आणि वैद्यकीय प्रमाणपत्र दाखवायची अटही काढली. भारतात शुल्क १,००० रुपये.

पण आधी हे बघा, की मुलगा आहे त्या देशात इतक्या दिवसांनंतर परवाना चालतो का. यूकेत रहिवासी झाल्यापासून १२ महिने, ऑन्टारियोत ६० दिवस, कॅलिफोर्नियात तर रहिवासी झाल्यावर १० दिवसांत तिथलं लायसन्स काढायचं असतं. त्यापुढे भारतातला नवा परवाना आणूनही उपयोग नाही. आणि काही खासगी संकेतस्थळं १०-१० वर्षांचे 'आंतरराष्ट्रीय लायसन्स' विकतात, त्यांना कायद्यात काही किंमत नाही.

सदाफुली_नाशिक

तुमच्या तरुण मंडळींत मी एकटीच साठीपलीकडची दिसते. आमच्यासारख्यांचंही कोणी लिहा. मुलगी टेक्सासला, दर वर्षी नातवंडांसाठी आम्ही ६ महिने तिकडे असतो. ह्यांचं लायसन्स ५ वर्षांचं, ते नेमकं आम्ही तिकडे असताना संपतंय. नाशिकला गाडी हेच चालवतात, मला येत नाही. लायसन्स गेलं तर आमचं बाजारहाट, दवाखाना, सगळंच दुसऱ्यावर अवलंबून होईल.

कृष्णाकाठ

काकू, तुमचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आम्ही मुलं परदेशी असल्यामुळेच तुमच्या मुदती चुकतात, तेव्हा ही तारीख मुलीने स्वतःच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवायला हवी.

निघायला किती अवकाश आहे? मुदत संपायला वर्षाच्या आत उरलं असेल तर तिकडे जायच्या आधीच अर्ज करा. काकांना डॉक्टरकडे घेऊन जा आणि डॉक्टरांनाच नमुना १-अ सारथीवर त्यांच्या लॉगिनमधून भरता येतो का ते विचारा, आमच्या बाबांचं तसं झालं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असेल तर आधी ते, मग तपासणी. चष्मा लावून चालतं.

आणि एक, कार्ड स्पीड पोस्टाने नोंदलेल्या पत्त्यावर येतं. घर बंद असेल तर पाकीट परत जातं आणि ते मिळवायला पुन्हा खेटे घालावे लागतात. तुम्ही निघण्याच्या बेताला अर्ज केलात तर शेजाऱ्यांना सांगून ठेवा किंवा पोस्टमनशी बोलून ठेवा. डिजिलॉकरमध्ये मात्र नवीन मुदत आधीच दिसेल.

सदाफुली_नाशिक

पुढच्या महिन्यात निघतोय. उद्या सकाळीच डॉक्टरांची वेळ घेते. कार्डाचं शेजारच्या वहिनींना सांगते, किल्ली त्यांच्याकडेच असते.

रानफूल

माझा अर्ज झाला. सिम बाबांच्या जुन्या फोनमध्ये होतं, ओटीपी त्यांनी फोनवर वाचून दाखवला. पावती आली आहे, सारथीवर 'मंजुरीसाठी प्रलंबित' दाखवतंय. पुढे काय झालं ते इथेच लिहीन.